कांद्याच्या मुळात विभाजन का दिसत नाही, आणि आलूतलं साखरपाणी खाली का उतरतं

मॅडम, तुमच्या प्रश्नात तीन अडचणी आहेत. कांद्याच्या मुळाग्राची स्लाइड केली की मुलांना सगळ्या पेशी एकसारख्या दिसतात, विभाजन होत असलेली एकही सापडत नाही. आलूच्या परासरणाच्या प्रयोगात (कोरलेल्या आलूत साखरपाणी भरून तो साध्या पाण्यात ठेवायचा; पटलातून पाणी दाट द्रावणाकडे जातं ते परासरण) साखरपाण्याची पातळी चढायची सोडून उतरते. आणि मुलं विचारतात, पाणी आपलं आपण आत-बाहेर जातं तर पेशीला पटलापाशी, म्हणजे तिच्या पातळ आवरणापाशी, ऊर्जा कशाला लागते? कॉलेज खारपाणपट्ट्यात (पूर्णेच्या खोऱ्यातल्या खाऱ्या भूजलाच्या भागात), पाणी बोअरचं आणि प्रात्यक्षिकं मार्च-एप्रिलमध्ये, हेही तुम्ही कळवलंत ते बरं केलंत. सूक्ष्मदर्शक बदलायची मला तरी गरज वाटत नाही. स्लाइडवर काय दिसणार हे बहुतेक वेळा मूळ कापायच्या आधीच ठरलेलं असतं.

आधी कांद्याचं पाहू. नुकताच काढलेला उन्हाळी कांदा सुप्तावस्थेत असतो, त्याला मुळं फुटायला फार वेळ लागतो. चाळीत काही महिने राहिलेला, शेंड्याला हिरवा कोंब डोकावू लागलेला जुना कांदा घ्या. वरची वाळकी साल काढा. बुडाची जुनी सुकलेली मुळं ब्लेडने खरवडा, पण बुडाची चकती कापू नका, नवी मुळं तिथूनच फुटतात. कांदा काचेच्या किंवा प्लास्टिकच्या पेल्यावर असा बसवा की फक्त बूड पाण्याला टेकेल. तांब्याचं भांडं अजिबात नको. पाण्यात उतरणारं थोडंसं तांबंही कांद्याच्या मुळांची वाढ थांबवतं. पाण्यातली विषारी द्रव्यं तपासायला कांद्याची मुळं वापरतात ती याच नाजूकपणामुळे.

आता पाणी. पूर्णेच्या खोऱ्यातल्या बोअरच्या पाण्यात लिटरला ३ ग्रॅम क्षार आहेत असं धरा. ते सगळं साधं मीठ मानलं तर लिटरला सुमारे ०.०५ मोल मीठ होतं (मोल म्हणजे कणांची संख्या मोजायचं एकक). मिठाचे पाण्यात दोन आयन होतात, म्हणजे विरघळलेले कण ०.१ मोल. वनस्पतीपेशीच्या रसात असे कण साधारण ०.३ मोल असतात. पाणी आत ओढण्याची जी ओढ मुळाकडे असते तिच्यातला तिसरा हिस्सा इथेच संपला. शिवाय सोडियमचा त्रास वेगळाच. मूळ मरत नाही, पण हळू वाढतं, आणि हळू वाढणाऱ्या मुळाच्या टोकाशी विभाजन होणाऱ्या पेशी कमी सापडतात. बॅटरीच्या दुकानातलं ऊर्ध्वपातित पाणी, गाळलेलं पावसाचं पाणी किंवा आरओचं पाणी वापरा आणि रोज बदला. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येत असेल तर ते रात्रभर उघडं ठेवून मग घ्या.

तापमानही तितकंच महत्त्वाचं. कांद्याच्या मुळाला २० ते २५ अंश मानवतात. एप्रिलमध्ये टिनाच्या छपराखालच्या प्रयोगशाळेत पारा चाळिशीला टेकतो तेव्हा मुळं तांबूस, आखूड होतात आणि टोकं मऊ पडतात. पेले माठाशेजारी ओल्या वाळूच्या घमेल्यात ठेवा, वर ओलं फडकं टाका. तरी जमत नसेल तर हे काम डिसेंबर-जानेवारीतच उरकून घ्या, त्याबद्दल पुढे सांगतो. लसणाच्या पाकळ्याही चांगला पर्याय आहेत. त्यांना लवकर मुळं फुटतात आणि गुणसूत्रं कांद्याइतकीच, १६.

मुळं दीड ते तीन सेंटिमीटर झाली की सकाळी सात ते नऊच्या दरम्यान कापा आणि लगेच स्थिरीकरण द्रवात टाका. द्रव म्हणजे तीन भाग इथाइल अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल असेटिक आम्ल. अल्कोहोल ९५ टक्क्यांचं असलं तरी चालतं, रंगवलेला डिनेचर्ड स्पिरिट मात्र नको. हा द्रव त्याच दिवशी बनवा. अल्कोहोल आणि आम्ल एकत्र राहिले की त्यांची हळूहळू आपसात क्रिया होऊन इथाइल असिटेट बनतं, मग असा शिळा द्रव पेशीला आहे त्या क्षणी गोठवत नाही आणि गुणसूत्रं एकमेकांना चिकटून गोळा झालेली दिसतात. द्रव मुळांच्या आकारमानाच्या किमान दहापट असावा. चोवीस तासांनी मुळं ७० टक्के अल्कोहोलमध्ये काढा. फ्रीजमध्ये ती काही महिने टिकतात.

रंगासाठी १ टक्का असेटोकार्मिन घ्या. ४५ मिली ग्लेशियल असेटिक आम्ल ५५ मिली ऊर्ध्वपातित पाण्यात मिसळून उकळीला आणा, १ ग्रॅम कार्मिन घाला, झाकून मंद आचेवर अर्धा तास ठेवा, थंड करून गाळा आणि गडद रंगाच्या बाटलीत भरा. वाफा डोळ्यांना आणि घशाला झोंबतात आणि पेटही घेतात, म्हणून हे काम मोकळ्या हवेत आणि मुलांना दूर ठेवून करा. रंग फिका वाटला तर वॉच ग्लासातल्या थेंबात गंजलेली सुई फिरवा. लोहामुळे रंग गुणसूत्राला घट्ट धरतो. पण जास्त फिरवली तर सगळंच काळवंडतं.

आता मुख्य काम. वॉच ग्लासात असेटोकार्मिनचे नऊ थेंब आणि १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब घ्या. (संहत आम्ल सुमारे साडेआठ मिली घेऊन एकूण द्रावण १०० मिली करायचं. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही.) त्यात दोन-तीन मुळं टाकून दिव्यावर वाफ दिसेपर्यंतच तापवा, उकळू देऊ नका. असं तीन वेळा करा आणि झाकून पंधरा मिनिटं ठेवा. आम्ल पेशींना एकमेकींशी जोडणारं पेक्टिन सैल करतं. ते सैल झालं नाही तर पेशी एकमेकींवर रचलेल्या राहतात.

पंधरा मिनिटांनी मूळ नीट बघा. अगदी टोकाचा एक-दोन मिलिमीटर भाग गर्द लाल आणि मागचा फिका दिसेल. विभाजन होतं ते फक्त त्या गर्द भागात. तिथल्या पेशी लहान असतात, त्यांत रिक्तिका (पेशीतली रसाची पिशवी) नसल्यासारखी आणि केंद्रक मोठं, म्हणून रंग दाट चढतो. तुमच्या वर्गात विभाजन का सापडत नाही याचं सगळ्यांत मोठं कारण मला इथे दिसतं. मुलं अख्खा एक सेंटिमीटर तुकडा स्लाइडवर ठेवून दाबतात. त्यातला बहुतेक भाग लांबण्याच्या पट्ट्यातला असतो आणि त्या पेशींचं विभाजन कधीच आटोपलेलं असतं. ओळखायची खूण सोपी आहे: पेशी रुंदीच्या चार-पाच पट लांब दिसल्या तर जागा चुकली. पेशी जवळजवळ चौकोनी आणि निम्मी पेशी केंद्रकानेच व्यापलेली, तर योग्य जागी आलात.

तो गर्द भाग ब्लेडने वेगळा करून बाकी मूळ टाकून द्या. ४५ टक्के असेटिक आम्लाच्या थेंबात तो ठेवा, कव्हरस्लिप घाला आणि पेन्सिलच्या मागच्या बाजूने हलक्या टिचक्या मारा. तुकड्याचा ढग पसरल्यासारखा दिसला की टिपकागदाची घडी ठेवून अंगठ्याने सरळ खाली दाबा. कव्हरस्लिप आडवी सरकता कामा नये. सरकली तर गुणसूत्रांच्या रेघा ओढल्या जातात आणि ती स्लाइड गेली.

बिघाड स्लाइडवर वाचता येतो. पेशी गठ्ठ्यात राहिल्या असतील तर आम्ल कमी पडलं. ऊती गाळासारखी होऊन केंद्रकं फिकी पडली असतील तर जास्त झालं. केंद्रकासोबत पेशीद्रवही तितकाच लाल दिसत असेल तर कव्हरस्लिपच्या कडेने ४५ टक्के असेटिक आम्ल सोडा आणि दुसऱ्या कडेला टिपकागद लावून ओढून घ्या. काळे बारीक कण म्हणजे रंग गाळलेला नाही. लाइट गेली तर मोबाइलचा टॉर्च आरशाखाली ठेवून त्यावर पांढरा कागद धरा, भिंग ४० वर असतानाही पुरेसा उजेड मिळतो.

इतकं सगळं नीट केलं तरी प्रत्येक दृश्यक्षेत्रात विभाजन दिसेलच असं नाही, आणि हे मुलांना आधीच सांगा. समजा ५०० पेशी मोजल्या आणि त्यांत ४० विभाजनात सापडल्या, तर विभाजन निर्देशांक ८ टक्के. त्या ४० मध्ये पूर्वावस्था (गुणसूत्रं आखडून दिसू लागतात ती) सर्वांत जास्त आणि पश्चावस्था (गुणसूत्रं दोन ध्रुवांकडे ओढली जातात ती) मोजक्याच असतील. मुळातल्या पेशी एकाच वेळी विभागत नाहीत, त्यामुळे ज्या अवस्थेला वेळ जास्त लागतो ती जास्त पेशींत सापडते. पूर्ण पेशीचक्र २० तासांचं आहे असं धरलं आणि ५०० मध्ये ५ पेशी पश्चावस्थेत असल्या, तर ती अवस्था सुमारे १२ मिनिटांची. अकरावीच्या मुलाला एका स्थिर स्लाइडवरून वेळ काढता येतो, हे या प्रयोगातलं माझ्या मते सर्वांत मोलाचं शिक्षण आहे. नुसत्या चार आकृत्या काढून घेण्यात ते वाया जाऊ देऊ नका.

आकृत्यांमध्ये दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे प्राणिपेशीची आकृती पाठ केलेली असते, म्हणून मुलं कांद्याच्या पेशीत तारककेंद्रं काढतात. कांद्यात ती नसतात. गुणसूत्रांना ओढणारे तुर्कतंतू त्यांच्याशिवायच तयार होतात, आणि शेवटी पेशी बाहेरून आत चिमटली जात नाही, मधोमध पेशीपट्टी तयार होऊन ती कडेकडे वाढत जाते. दुसरी चूक मोजणीची. मध्यावस्थेत १६ गुणसूत्रं, प्रत्येकाचे दोन अर्धगुणसूत्र. पश्चावस्थेत प्रत्येक ध्रुवाकडे १६ जातात, ८ नाही. आठ म्हणजे अर्धगुणसूत्री विभाजन, ज्यात गुणसूत्रांची संख्या निम्मी होते, आणि ते मुळांमध्ये होत नाही. ते दाखवायचं असेल तर बियाण्यासाठी लावलेल्या कांद्याचे डेंगळे (फुलांचे दांडे) घ्या. बुलढाण्याकडे तर कांदाबियाण्याचे प्लॉटच असतात. तीन मिलिमीटरच्या आसपासच्या बंद कळ्या, परागकोश अजून पारदर्शक-हिरवट असताना, वरच्याच द्रवात स्थिर करा. परागकोश पिवळा झाला असेल तर विभाजन संपून पराग तयार झाले आहेत.

कांदाच का, असंही मुलं विचारतात. वावरातल्या पिकांची गुणसूत्रं त्यांना सांगा: हरभरा १६, ज्वारी २०, तूर २२, सोयाबीन ४०, देशी कपाशी २६ आणि अमेरिकन कपाशी ५२. हरभऱ्याची संख्या कांद्याइतकीच आहे, पण गुणसूत्रं फार बारीक. कांद्याची लांबलचक असल्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकात दिसतात.

आता आलूकडे वळतो. इथे मात्र खाऱ्या पाण्याला मी मुख्य दोषी धरणार नाही. पातळी खाली जाते याची कारणं बहुतेक वेळा तीनच असतात. खळगा कोरताना बुडाला चीर जाते आणि साखरपाणी गळतं. बुडाची जाडी एक सेंटिमीटरच्या आसपास ठेवा आणि साखर घालण्याआधी आलू कोरड्या कागदावर पाच मिनिटं ठेवून ओल येते का बघा. दुसरं, बाष्पीभवन. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत उघड्या खळग्यातलं पाणी तासाभरात नजरेला कळण्याइतकं उडतं. वर काचपट्टी ठेवा किंवा तेलाचे दोन थेंब सोडा. तिसरं कारण फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही, ते म्हणजे साखर कमी पडणं. आलूच्या पेशीरसाशी बरोबरी करणारं साखरपाणी लिटरला सुमारे ०.३ मोलचं, म्हणजे १०० ग्रॅमच्या आसपास साखरेचं. तुम्ही १० टक्के द्रावण घातलंत तर ते जवळजवळ समपरासारी, म्हणजे पेशीरसाइतकंच दाट, झालं. पाणी कुठेच जाणार नाही आणि बाष्पीभवनाने पातळी उतरेल. शीतगृहात राहिलेल्या आलूत साखर वाढलेली असते, सुरकुतलेल्या आलूत पाणी कमी झालेलं असतं, म्हणजे दोन्हींत रस आणखी दाट. १०० मिली द्रावणात २५ ते ३० ग्रॅम साखर घ्या.

आलूच्या खालच्या अर्ध्या भागाची साल पूर्ण सोला. सालीत बुचासारखा थर असतो आणि त्यातून पाणी जवळजवळ जात नाही. खळगा निम्मा भरा आणि पातळीवर टाचणी टोचून खूण करा. शेजारी आणखी दोन आलू ठेवा. एकाच्या आत-बाहेर दोन्हीकडे साधं पाणी, दुसरा उकडलेला आणि त्यात साखरपाणी. पहिल्यातली घट म्हणजे बाष्पीभवन आणि आलूने स्वतः शोषलेलं पाणी. उकडलेल्यात पातळी चढत नाही, कारण उष्णतेने प्रद्रव्यपटलं फुटली आहेत आणि साखरही तितक्याच सहज बाहेर पडते. या दोन आलूंशिवाय प्रयोग केला तर पातळी का चढली हे सिद्ध होत नाही.

त्याच तासाला रससंकोचही, म्हणजे पाणी बाहेर गेल्याने पेशीतला भाग भित्तिकेपासून आक्रसणं, दाखवा. लाल कांद्याच्या पाकळीच्या बाहेरच्या, फुगीर बाजूची साल घ्या, रंग तिथल्याच पेशींच्या रिक्तिकेत असतो. आतल्या बाजूची साल बिनरंगी निघते आणि पांढऱ्या कांद्यात काहीच दिसत नाही. ५ टक्के मिठाचं पाणी कव्हरस्लिपच्या कडेने सोडलं की काही मिनिटांत जांभळा भाग भित्तिकेपासून सुटून आक्रसतो. मग साधं पाणी ओढा, तो परत पसरतो. पसरला तर पेशी जिवंत होती. मिठात फार वेळ ठेवली तर नाही पसरत. भित्तिका आणि आक्रसलेलं पटल यांच्या मधल्या जागेत काय असतं असं विचारा. बहुतेक मुलं हवा म्हणतात. तिथे बाहेरचं मिठाचं पाणी असतं, कारण भित्तिका मिठाला अडवत नाही, अडवतं ते पटल.

हेच गणित वावरात चालतं. २ टक्के युरियाची फवारणी म्हणजे सुमारे ०.३३ मोल, पानाच्या रसाच्या जवळपास. सकाळी किंवा संध्याकाळी ती पऱ्हाटीला (कपाशीला) सोसते. भर दुपारी फवारली तर थेंबातलं पाणी उडून द्रावण दाट होतं आणि पानाच्या कडा करपतात. घरच्यांनी मात्रा बरोबर घेऊनही पान का जळलं, हे मुलं स्वतः सांगू शकतील.

विभाजन आणि परासरण हे दोन वेगळे धडे नाहीत, हे सांगायला एक इतिहास उपयोगी पडतो. माणसाची गुणसूत्रं ४८ आहेत असं १९२० च्या दशकापासून मानलं जात होतं. १९५६ मध्ये जो हिन त्जिओ आणि आल्बर्ट लेव्हान यांनी ती ४६ असल्याचं दाखवलं. पेशी अवपरासारी, म्हणजे पेशीरसापेक्षा पातळ, द्रावणात ठेवली की पाणी आत शिरतं, ती फुगते आणि गुणसूत्रं सुटी होऊन मोजता येतात. त्यांनी ही युक्ती वापरली, जोडीला कोल्चिसिन हे वनस्पतिजन्य द्रव्य. कोल्चिसिन तुर्कतंतू बनू देत नाही, म्हणून पेशी मध्यावस्थेत अडकते. आपल्याकडच्या जंगलातल्या कळलावीच्या कंदात हेच द्रव्य असतं आणि ते जीवघेणं विषारी आहे, त्यामुळे त्याचा प्रयोग वर्गात कधीच करू नका. हाच लेव्हान १९३८ मध्ये कांद्याच्या मुळांवर कोल्चिसिनचा परिणाम तपासत होता. कांद्याच्या पेशीला भित्तिका असल्याने ती फुगून पसरत नाही, म्हणून आपल्याला आम्ल आणि अंगठा वापरावा लागतो.

आता ऊर्जेचा प्रश्न. पाणी त्याच्या उतारानेच जातं, पेशी त्याला ढकलत नाही. पेशी क्षार ढकलते, आणि पाणी क्षारांच्या मागे जातं. ऊर्जा तिथे लागते. प्राणिपेशीतला सोडियम-पोटॅशियम पंप एका एटीपीच्या (पेशीतल्या ऊर्जेच्या रेणूच्या) बदल्यात ३ सोडियम बाहेर आणि २ पोटॅशियम आत घेतो. तो थांबला तर सोडियम आत साचतं, पाणी मागोमाग येतं आणि पेशी सुजते. जलसंजीवनी हे याचंच रोजचं उदाहरण. लहान आतड्यातला वाहक ग्लुकोजचा एक रेणू सोडियमच्या दोन आयनांसोबतच आत घेतो, म्हणून नुसतं मीठ किंवा नुसती साखर देऊन भागत नाही. पाकिटातल्या मिश्रणात लिटरला २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. त्यातल्या सर्व कणांची एकूण तीव्रता लिटरला २४५ मिलिऑस्मोल (विरघळलेल्या कणांचं माप), रक्तापेक्षा थोडी कमीच. म्हणून पाकीट अर्ध्या लिटरात कालवू नका असं सांगतात. द्रावण रक्तापेक्षा दाट झालं तर पाणी उलट आतड्यात ओढलं जातं.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा विषयही इथेच येतो, आणि विदर्भातल्या वर्गात तो टाळू नये. या आजारात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन असतं. ऑक्सिजन सुटला की असे रेणू एकमेकांना चिकटून तंतू होतात. लाल पेशीतलं पाणी कमी झालं की आतलं हिमोग्लोबिन दाट होतं आणि हे चिकटणं फार वेगाने वाढतं. उन्हाळ्यात अशा रुग्णांना वरचेवर पाणी प्यायला सांगतात त्याचं कारण हे. मात्र रक्तपेशींवर मिठाच्या पाण्याचा परिणाम दाखवण्यासाठी वर्गात कुणाचंही बोट टोचू नका. एकाच सुईचा धोका तर आहेच, शिवाय कुणाचा आजार सगळ्यांसमोर उघड होण्याचीही भीती. कांद्याची साल या कामाला पुरेशी आहे.

वेळेचं म्हणाल तर डिसेंबरच्या शेवटी दहा-बारा जुने कांदे लावा, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सकाळी मुळं कापून स्थिर करा आणि ७० टक्के अल्कोहोलमध्ये फ्रीजला ठेवा. बाटलीवर तारीख पेन्सिलने लिहा, पेनाची शाई अल्कोहोलने पुसली जाते. मार्चमध्ये मुलांच्या हातात हीच मुळं द्या, आणि त्या दिवशी ताज्या कांद्याचा वापर फक्त सालीच्या प्रयोगासाठी ठेवा.